उजव्या पायाची उडी

गाणं येणाऱ्या पोरीला पाहुणे गायला लावतात, चित्र काढणारीला वही आणायला सांगतात. मला उडी मारायला सांगायचे.

राज्याचा ज्युनियर मुलींचा लांब उडीचा विक्रम माझ्या नावावर लागला आणि त्यानंतर कुठल्याच कार्यक्रमाला मी नुसती पाहुणी म्हणून जाऊ शकले नाही. मावसबहिणीच्या साखरपुड्याला नळदुर्गला गेले होते. अंगावर आईची जरीची साडी, हातात भाताची बादली. मावशीचे दीर खुर्चीत रेलून म्हणाले, "मार की एक."

"काका, वाळू लागते. मागं पळायला जागा लागते."

"अगं थोडीशी मार. आमी काय मोजणार न्हाय."

थोडीशी लांब उडी. सगळे हसले, मीही हसले आणि बादली घेऊन पुढच्या पंगतीकडं सरकले. तेव्हा ते हसण्यावारी नेता येत होतं. विक्रम केलेल्या पोरीचं अंग हे गावाच्या मालकीचं असतं, ते कधीही, कुणासमोरही चालवून दाखवता येतं, असं आपल्याकडं सगळ्यांनी न बोलता ठरवलेलं आहे. हार घालणाऱ्यालाही त्यात काही चुकीचं वाटत नाही. त्याला वाटतं, हे प्रेमच आहे. खरी अडचण हीच आहे की ते प्रेमच असतं.

आमचं गाव तुळजापूर आणि नळदुर्गच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत. माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणते, शेतमजुरांच्या संघटनेचं काम करतात. आमचं थोडं कोरडवाहू रान आहे, ते आई बघते. अण्णा मागण्या बघतात. घरात पुस्तकं फारशी नव्हती, पत्रकं होती. पिवळी, गुलाबी, पातळ कागदाची, हाताला शाई लावणारी. शाळेच्या वह्यांना मी त्यांचीच कव्हरं घालायचे, त्यामुळं गणिताच्या वहीवर रोजगार हमीची मजुरी आणि मराठीच्या वहीवर रेशनचं धान्य. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. तुळजापूरच्या स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात पत्रक कसं द्यायचं, हे मला पाढ्यांच्या आधी येत होतं. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, कागद छातीच्या उंचीवर धरायचा, आणि त्यानं तो चुरगाळून टाकला तर उचलून, सरळ करून पुढच्याला द्यायचा.

लांब उडीचा खड्डाही अण्णांनीच खणला होता. शाळेच्या मागच्या पडीक जागेत संघटनेतल्या चार-दोन जणांना घेऊन त्यांनी मुरूम टाकला, पाणी मारून तो दाबला, बोरी नदीची वाळू भरली. रोज संध्याकाळी ते धावपट्टीवर पाणी शिंपडायचे, दाताळ्यानं वाळू ओढून सारखी करायचे आणि उडीच्या लाकडी फळीशेजारी उकिडवे बसून माझा पाय बघायचे. मी डाव्या पायावर उडणारी. म्हणजे पळत येऊन फळीवर शेवटचा पडतो तो डावा पाय, आणि सगळं अंग वर फेकतो तोही तोच. अण्णांना खेळातलं दुसरं काही कळत नव्हतं, पण तो पाय फळीच्या पुढं गेला की मागं राहिला, हे त्यांना माझ्या आधी कळायचं. "पुढं गेला," एवढंच म्हणायचे. मी परत मागं चालत जायचे.

पुढं मी धाराशिवला सरांकडं सरावाला गेले, खोली करून राहिले आणि तिथल्याच स्पर्धांतून वर जात विक्रमापर्यंत पोचले. त्याच वर्षी अण्णांनी नवं पत्रक काढलं. त्यात पाच मागण्या होत्या. शाळेत मुलींसाठी संडास ही एक होती. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: विक्रमवीर खेळाडूसाठी पक्की धावपट्टी.

मी ते पत्रक छापून आल्यावर बघितलं. म्हणाले, "अण्णा, आपली मुरमाचीच बरी हाय की."

"तुला काय जल्मभर मातीतच लोळायचंय?" ते हसत म्हणाले.

त्यांचं चूक नव्हतं. त्यांनी आयुष्यभर माती हटवायच्याच मागण्या केल्या होत्या. पावसात एसटी फाट्यावरून परत जायची, कारण रस्ता मातीचा. शाळेची भिंत पडली, कारण भिंत मातीची. मातीचं ते मागासलेलं आणि सिमेंटचं ते मिळवलेलं, हा हिशोब आमच्या सगळ्या गावाचा आहे, त्यांच्या एकट्याचा नाही. आणि मी वाद घातला नाही, त्याचं दुसरंही कारण होतं. अण्णांची एकही मागणी तोवर मान्य झालेली नव्हती. ही होईल, असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नाही.

ती मान्य झाली.

त्या हिवाळ्यात माझी डावी नडगी दुखायला लागली. आधी सराव संपल्यावर, मग सराव सुरू होतानाच, मग जिना उतरताना. सर मला सोलापूरला हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हाड थकलं आहे, अजून चीर गेलेली नाही, पण जायला फार वेळ लागणार नाही. सरांनी त्यांना विचारलं की शेवटची ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धा तोंडावर आली आहे, तिचं काय. ज्युनियर म्हणजे विशीच्या आतलं. मी त्यानंतर वयातून बाहेर पडणार होते. मोठ्या मुलींमध्ये माझ्या उडीला कुणी विचारणार नव्हतं. राष्ट्रीय शिबिरात जायचं तर हे एकच दार उरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोहा, सायकल चालवा, गवतावर हलकं पळा. कठीण जागेवर एकही उडी नको.

रस्त्यात एसटीत सर म्हणाले, "एकही म्हणजे एकही न्हाय. कुणी देव जरी आला खाली तरी न्हाय."

आणि दुसऱ्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला. "धावपट्टी झाली. उद्घाटन हाय. मोठे पाहुणे येणारेत. तू ये."

आदल्या दिवशी मी गावात उतरले आणि बॅग न ठेवताच शाळेमागं गेले. आमच्या मुरमाच्या पट्टीवरच त्यांनी सिमेंटचे गट्टू बसवले होते. ग्रामपंचायतीसमोर असतात तसे, लाल आणि पिवळे, नागमोडी जोडलेले. दोन्ही बाजूंना रंगवलेले कठडे. फळी काढून टाकून तिच्या जागी गट्टूंवरच पांढरा पट्टा ओढला होता. खड्ड्यात वाळूऐवजी खडी केंद्रावरची कच भरली होती, दगडाची बारीक भुकटी, पाणी पडलं की आवळून बसणारी. आणि सुरुवातीला लोखंडी कमान, तिच्यावर हवेतला माझा फोटो. फोटोत मी डाव्या पायावरून उडालेली होते.

मी बॅगेतून स्पाइक्स काढून घालून बघितले. बुटाचे खिळे गट्टूंवर घसरले, कर्र आवाज झाला. साध्या बुटांनी हळू पळून बघितलं. चार पावलांतच नडगीत सुई गेल्यासारखं झालं. थांबले. कठड्यावर बसलेले म्हातारे म्हणाले, "आता कसं, घरातल्या घरात पळल्यावानी. चिखुल न्हाय, काय न्हाय."

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, सर काय म्हणाले, गट्टूंवर काय झालं. अण्णा पाहुण्यांच्या शालींच्या घड्या करत होते. त्यांचा हात थांबला.

"मंग आधी सांगायचं ना."

"मी सांगितलं होतं, मुरमाचीच बरी."

"ते तू लाजून म्हणती असं वाटलं."

त्यांनी हातातली शाल बाजूला ठेवली. मग ते म्हणाले, "एक उडी. एकच."

"डॉक्टर म्हणले एकही नको."

"हे बघ," ते समोर बसले. पत्रक समजावून सांगताना बसतात तसेच, मांडी घालून, दोन्ही तळवे जमिनीला. "आजवर ह्या लोकांनी आपल्याला काय दिलंय? काय न्हाय. ही पयली गोष्ट हाय. उद्या त्या इष्टेजवर म्या संडासाची मागणी ठेवणारय. पाहुण्यानं हो म्हणायचं कबूल केलंय. आता तूच तिथं उभी ऱ्हाऊन म्हणलीस की हे चुकलं, तर ते काय म्हणतील? ह्यांना दिऊन उपयोग न्हाय, ह्यांना दिलेलं बी गोड लागत न्हाय. संपलं. पुढचं कायबी मागायचं तोंड ऱ्हात न्हाय."

"पाय दुखतो म्हणून सांगा. आजारी हाय म्हणा."

"कमानीवर फोटू कुणाचा हाय?"

आजही मला राग याचा येतो की त्यांचा मुद्दा बरोबर होता. मी त्याच शाळेत शिकले होते. सातवीपासून पुढं मुली दुपारनंतर पाणी पिणं बंद करतात, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी केलेलं होतं. संडासाच्या मागणीसाठी पत्रकं मीच वाटली होती. तत्त्वाचं काय, असं मी दुसऱ्या कुणाला तावातावानं विचारलं असतं. इथं एक तत्त्व एका बाजूला होतं आणि दुसरं दुसऱ्या, आणि मधोमध माझी नडगी होती.

आई भाकरी थापत सगळं ऐकत होती. तिनं तवा उतरवला आणि म्हणाली, "पाय तिचा हाय. बाकी समदं तुमचं हाय." मग मला ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव जमलं. तालुक्याची माणसं, शाळेची पोरं रांगेत, हलगी, फेटे. अण्णांनी मागणी वाचली. पाहुण्यांनी माइकवर हो म्हटलं. शाळेतल्या मुली सगळ्यात जोरात ओरडल्या. मला शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. निवेदक मास्तर म्हणाले, "आणि आता आपली हरिणी आपल्याला झेप घेऊन दाखवणार आहे."

मी फेटा काढून आईकडं दिला आणि धावपट्टीच्या टोकाला गेले. तिथून पांढरा पट्टा दिसत होता, पट्ट्यापलीकडं करडी कच आणि तिच्याभोवती मोबाइल धरलेले हात. त्या गर्दीत मला एकही माणूस वाईट दिसत नव्हता. सगळ्यांना मी लांब उडावं असंच वाटत होतं. तो सापळा मी त्याआधी कुठल्या पत्रकात वाचला नव्हता.

मग मी काय करायचं ते ठरवलं. ठरवलं म्हणजे पाय उचलला तेव्हा ठरलं. मी मोजलेल्या जागेवरून पळाले नाही, अर्ध्यातून सुरुवात केली. हळू पळाले. आणि पट्टा जवळ आला तसं पाऊल तोडलं, मध्ये एक आखूड पाऊल घातलं आणि उजव्या पायावर उडाले.

ज्यांनी कधी उडी मारली नाही त्यांना हे काहीच वाटणार नाही. डाव्या हातानं सही करून बघा. माझं अंग हवेत गेलं आणि त्याला पुढं काय करायचं कळेना. हात एकीकडं, पाय एकीकडं. मी कचेच्या काठावरच दोन्ही गुडघ्यांवर पडले. तळहात सोलले. नडगीला काही झालं नाही.

मग पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मागून एक बाई म्हणाली, "एवढंच व्हय?" आणि तिच्या शेजारचा म्हणाला, "आमची शेळी बी जाती की एवढी." लोक हसले. मी उठून गुडघे झाडले, पाहुण्यांना नमस्कार केला. ते म्हणाले, "अशीच प्रगती कर."

दुपारपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर गेला. त्याखाली कुणी लिहिलं होतं, हीच का विक्रमवाली. कुणी लिहिलं, विक्रम मॅनेज केला असणार. मला खरं लिहायचं होतं. दोन ओळींचं काम होतं. पण त्या दोन ओळींत धावपट्टी वाईट आहे हे आलंच असतं. मी ज्या बापाची पोर आहे त्याच्या घरात गप्प बसणं हे खोटं बोलण्याच्या शेजारचं मानतात. मी गप्प बसले.

संध्याकाळी अण्णा माझ्या तळहातांना हळद लावत होते. वर न बघता म्हणाले, "पाय कसा हाय?"

"बरा हाय."

"बराच असणार. उजव्यानं मारलीस."

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मंग बोलला का न्हाय तिथं?"

"काय बोलू?" ते म्हणाले. "हातात माईक हुता."

राष्ट्रीय स्पर्धेत मी डाव्या पायानं उडाले आणि तिसरी आले. नडगी टिकली. माझ्या स्वतःच्या विक्रमाच्या मी जवळही गेले नाही, आणि शिबिराच्या निवडीत माझं नाव आलं नाही. सर म्हणाले, वाईट नाही. गावात म्हणाले, तिसरी तरी आली, तो व्हिडिओ बघून वाटलं न्हवतं. त्यानंतर वय उलटलं. ज्युनियर विक्रमवीर ही अशी पदवी आहे जी वयाबरोबर हातातून जाते आणि लोकांच्या तोंडात मात्र राहते. अजूनही हायवेवरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारतं, "ती तूच ना, गुडघ्यावर पडलेली?"

शाळेत संडास झाले. आत पाणी आहे, दाराला आतून कडी आहे. मी स्वतः जाऊन कडी लावून बघितली. त्यामुळं त्या दिवसाबद्दल मला धड चिडताही येत नाही.

आता मी गावातच असते, तुळजापूरला शिकवायला जाते आणि संध्याकाळी शाळेच्या मुलींना बघते. बघते म्हणजे लांबून. सराव खेळाचे मास्तर घेतात, आणि ते मुलींना गट्टूंवरच पळवतात, कारण पळायला तेवढंच आहे. जुनी मुरमाची पट्टी त्याच्याच खाली आहे. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तालुक्यात कुणाकडं नाही एवढी भारी धावपट्टी. नावं काय ठेवता?" त्या मुलींमध्ये एक उंच आहे, चांगली उडणारी. तिची आई हायवेच्या ढाब्यावर भाकऱ्या करते. मागच्या महिन्यात ती पोर उडी मारून उठली आणि चालता चालता खाली वाकून नडगी दाबायला लागली. मला त्या दाबण्याची जागा ओळखू आली.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. देवळाच्या सभामंडपात सभा असते. तिथून शाळेमागची कमान दिसते. सगळं सांगितलं. गट्टू काढून मुरूम टाका म्हणाले. आणि त्यांना पटावं म्हणून हेही सांगितलं की उद्घाटनाची ती उडी मी उजव्या पायानं मारली होती, डावा वाचवायला.

सरपंच म्हणाले, "म्हणजे तुम्ही गावाला फसवलं म्हणता?"

"धावपट्टीनं पाय जातो म्हणते."

"इतकी वर्षं न्हाय बोलला."

"बोलू शकत नव्हते."

मागून एकजण उठला. "अण्णा, तुमीच सांगा. पोरगी खरं बोलती का?"

अण्णा पहिल्या ओळीत बसले होते. त्यांच्या सगळ्या आयुष्यातला पहिला विजय मंडपाबाहेर, कमानीपलीकडं लाल-पिवळा चमकत होता. ते उभे राहिले नाहीत. बसूनच म्हणाले, "उजव्यानं मारली हुती. म्या बघितलंय."

"बाप हाय, म्हणणारच," कुणीतरी बोललं आणि हशा झाला. अण्णांनी मान खाली घातली. माझ्याकडं बघितलं नाही.

सरपंच हसत म्हणाले, "वादच कशाला? धावपट्टी हितंच हाय, तुम्हीबी हितंच हाय. डाव्या पायानं मारून दाखवा. पटलं तर काढू गट्टू."

सगळ्या सभेला ते पटलं. माना कमानीकडं वळल्या. पोरं उठून बाहेर जागा धरायला निघालीसुद्धा. धावपट्टी घातक आहे हे सिद्ध करायला मी त्याच धावपट्टीवर तोच पाय टाकायचा, ही अट कुणालाच विचित्र वाटली नाही.

"न्हाय मारणार," मी म्हणाले.

"मंग झालं," सरपंच म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. पाण्याच्या टाकीचा होता.

मी उभीच होते. बसलं तर हरल्यासारखं होईल असं वाटत होतं, आणि उभं राहून काही होत नव्हतं. तेव्हा बायकांच्या बाजूनं ती ढाब्यावरची बाई उठली. डोक्यावरचा पदर नीट केला. सभेकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, मला त्यातलं कळत न्हाय. माझ्या पोरीनं तिथं पळावं का न्हाय, एवढंच सांगा."

"पळू नये."

"बरं," ती म्हणाली. पायरीवरच्या चपला शोधून तिनं पायात घातल्या आणि शाळेच्या बाजूला चालायला लागली. सराव चालू असायचीच ती वेळ होती.